न घेतलेलं भाडं

ओनोरिओला जाऊन चार महिने होत आले होते, तरी मार्चच्या तिसऱ्या रविवारी बेल्मीरो ठरल्याप्रमाणे बारा वाजता आला. तीस वर्षं तो याच रविवारी यायचा. चर्चमधली मिस्सा आटोपली की कातडी बॅग घेऊन चढण चढायचा आणि रेझेंदिशांच्या तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरात बसून प्राप्तिकराचे कागद लिहून द्यायचा. केंद्राचा, म्हणजे वॉशिंग्टनचा, एक आणि राज्याचा, म्हणजे बॉस्टनचा, एक.

ओनोरिओच्या बायकोने, देओलिंदाने, त्याच्यापुढे सूप ठेवलं. पाला, बटाटा आणि शोरिसू सॉसेजचे जाड तुकडे.

"आधी जेवा," ती म्हणाली. "उपाशीपोटी सरकारशी बोलू नये, असं म्हणायचे ते."

"म्हणायचा खरा," बेल्मीरो म्हणाला. "आणि जेवून झालं की सरकारला शिव्या द्यायचा."

ती हसली नाही, पण तिच्या खांद्यांवरचा ताण थोडा कमी झाला. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती. बेल्मीरोने बॅग त्या खुर्चीवर न ठेवता पायाशी ठेवली.

मुलगी ओदेत दुसऱ्या मजल्यावरून खाली आली. हातात फाइल होती आणि मागे तिचा नवरा आर्मिंदो, वाइनची बाटली घेऊन. ओदेत एका दवाखान्यात बिलं करायची, त्यामुळे बाप गेल्यावर कागद आपसूक तिच्याकडे आले होते. घराचा विमा, शहराची घरपट्टी, बॉयलरवाल्याची पावती, सगळं तिने महिन्यांप्रमाणे लावलं होतं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती, आणि तिने तीन संध्याकाळी बसून ती जुळवून पाहिली होती.

"सेन्योर बेल्मीरो," ती बसत म्हणाली, "दोन मजल्यांचं भाडं आपण दरवर्षी किती लिहितो?"

"तुझे नऊशे, दुआर्तचे नऊशे. वर्षाचे एकवीस हजार सहाशे."

"बँकेत निम्मेच आहेत."

"गेल्या वर्षी?"

"दरवर्षी. मी बाबांची सगळी पासबुकं काढली. दर महिन्याच्या तीन तारखेला माझे नऊशे जमा आहेत. दुसरे नऊशे कुठेच नाहीत."

देओलिंदा चुलीकडे वळली. "रोख ठेवत असतील. त्यांना बँकेचा भरवसा नव्हता."

"माय, माझे मात्र भरवशाने टाकायचे?"

देओलिंदाने सूप ढवळलं. ढवळण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली आणि तिसऱ्या मजल्यावरून ओदेतचा भाऊ दुआर्त आला, नेहमीसारखा उशिरा, केस ओले. तो ओदेतपेक्षा चार वर्षांनी लहान, एक्कावन्नचा होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नव्हती आणि पाव मोडताना तो तो हात टेबलाखाली ठेवायचा. तो बसला, त्याने पाव मोडला, आणि मग सगळे आपल्याकडेच बघतायत हे त्याच्या लक्षात आलं.

"काय झालं?"

"तू बाबांना भाडं कसं द्यायचास?" ओदेतने विचारलं. "रोख की चेकने?"

दुआर्तने आईकडे पाहिलं. ओदेतला ते दिसलं, आणि उत्तर यायच्या आधीच तिला उत्तर कळलं.

"दिलं नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आलो तेव्हापासून."

तो आला होता दोन हजार पाचमध्ये. पॉटकेटला बायकोने घटस्फोट घेतल्यावर एक सुटकेस आणि एक टीव्ही घेऊन तो तिसऱ्या मजल्यावर राहायला आला होता. ओदेतने मनात हिशोब केला नाही. तिला आठवलं ते वेगळंच. दर मार्चमध्ये दुआर्त आपले पगाराचे कागद तिच्याकडे आणून टाकायचा आणि ती त्याचं विवरणपत्र भरून द्यायची. या राज्यात भाडेकरूला भाड्याच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, ठराविक मर्यादेपर्यंत. ती ओळ आली की दुआर्त म्हणायचा, "ते राहू दे." ती चिडायची. "अरे, फुकटचे पैसे आहेत, बॉस्टनवाले काय तुझे सासरे लागतात?" तरी तो म्हणायचा, राहू दे. तिला वाटायचं, आळस. शाळा सोडली तोही आळसच, असं ती धरून चालली होती.

"म्हणून ती ओळ," ती म्हणाली.

"खोटं लिहून सही करायची माझी हिंमत नव्हती."

"बाबांची होती?"

बेल्मीरोने चमचा खाली ठेवला. त्याला एवढं वय झाल्यावर कुणाच्या घरच्या भांडणात साक्षीदार व्हायचं नव्हतं, पण कागद त्याच्या अक्षरातले होते.

"मी दरवर्षी विचारायचो," तो म्हणाला. "ओनोरिओ, दोन्ही भाडी मिळाली? तो म्हणायचा, मिळाली. मिळाली म्हटल्यावर मी लिहायचो. एकदा मला शंका आली होती, खोटं नाही सांगत. छत नवं केलं त्या वर्षी त्याच्याकडे पैसे कमी पडले होते. पण मनात म्हटलं, माणूस मिळकत लपवतो, न मिळालेली मिळकत कोण दाखवतो?"

आर्मिंदो पहिल्यांदाच बोलला. "म्हणजे त्यांनी न मिळालेल्या पैशांवर कर भरला?"

"दोन्हीकडे. केंद्राला आणि राज्याला."

"अठरा वर्षं," ओदेत म्हणाली. "का?"

देओलिंदाने बशी पुसायला घेतली. ओदेतने तिच्या हातून फडकं काढून घेतलं.

"माय, का?"

"तू वाचायचीस म्हणून," देओलिंदा म्हणाली. "कागद पोस्टात टाकायच्या आधी ते तुझ्याकडे द्यायचे ना, आकडे बघायला. त्यात एकच भाडं दिसलं असतं तर तू विचारलं असतंस."

ओदेत बसली. तिच्या हातात फडकं तसंच राहिलं.

दोन हजार दहाचा वसंत होता. पुलापलीकडे स्वान्सीला एक छोटं घर विकायला निघालं होतं, पिवळ्या रंगाचं, मागे पेअरचं झाड. आर्मिंदोची नोकरी नुकतीच परत लागली होती. बँकेला द्यायच्या पहिल्या रकमेत आठ हजार कमी पडत होते. ओदेत याच टेबलावर बसून बापाला म्हणाली होती की नऊ महिने भाडं घेऊ नका, नंतर मी परत करीन. ओनोरिओने पाइप बाजूला ठेवला होता. तुला सोडलं तर दुआर्तला सोडावं लागेल, तो म्हणाला होता. माझे दोन डोळे आहेत, दोन्ही सारखे. ओदेतला तेव्हा रडू आलं होतं, पण राग आला नव्हता. बाप न्यायाने वागतोय असं तिला वाटलं होतं, आणि त्यानंतर कित्येक वर्षं ती लोकांना अभिमानाने सांगायची की आमचे बाबा स्वतःच्या मुलांकडूनही एक तारखेला भाडं घेतात.

"स्वान्सीचं घर," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," देओलिंदा म्हणाली.

"तू इथेच उभी होतीस. ऐकत होतीस."

"होते."

"एक शब्द बोलली नाहीस."

खुर्ची ओढून देओलिंदा बेल्मीरोच्या शेजारी बसली आणि त्याच्या बॅगेकडे बोट दाखवलं. "काढा कागद. ते लिहायचे तसंच लिहा. मी सही करते. एवढं एक वर्ष. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू."

"दोना देओलिंदा, आता मला लिहिता येणार नाही."

"इतकी वर्षं लिहिलंत."

"तेव्हा माहीत नव्हतं. आता या टेबलावर चारचौघांत कळलंय." त्याने चष्मा काढला. "ऐका. फुकट राहणारा मुलगा हा भाडेकरू होत नाही. त्याचा मजला हा तुमच्या राहत्या घरासारखाच धरतात. म्हणजे भाडं काढायचं, ठीक, त्यात तुमचा फायदाच. पण त्या मजल्याचा विमा, दुरुस्ती, छताचा आणि बॉयलरचा घसारा, तेही आपण खर्च म्हणून दाखवत आलो, ते काढावं लागेल. मागची तीन वर्षं दुरुस्त करता येतात. त्याआधीचं गेलं. जास्त भरलेलंही गेलं."

"ते गेलेत," देओलिंदा म्हणाली. "मेलेल्या माणसाला खोटारडा ठरवायचं, सरकारी कागदावर?"

"खरं लिहा," दुआर्त म्हणाला.

"तू गप्प बस."

"माय, खरं लिहा. माझ्यासाठी त्यांनी केलं, आता मीच सांगतोय."

"तुझ्यासाठी कुठे, माझ्यापासून लपवायला केलं," ओदेत त्याच्याकडे वळली. "तुला घर मिळालं आणि मला कागद. तुला लाज नाही वाटली? आर्मिंदो घरी बसला होता ते अकरा महिने मी दोन नोकऱ्या केल्या. एक तारखेला खाली येऊन पैसे द्यायचे. तू जिन्यात भेटायचास, गुड मॉर्निंग म्हणायचास."

दुआर्तने डावा हात टेबलाखालून काढून वर ठेवला. त्याने तो मुद्दाम ठेवला नसावा. पण सगळ्यांनी पाहिला.

त्याला पहिला महिना आठवत होता. दोन हजार पाचचा ऑक्टोबर. नोटांचं पाकीट घेऊन तो खाली आला, तेव्हा ओनोरिओ तळघरात बॉयलरपाशी होता. त्याने पाकीट घेतलं, उघडलं नाही, आणि परत दुआर्तच्या कोटाच्या खिशात घातलं. दुसऱ्या महिन्यातही तसंच. तिसऱ्या महिन्यात दुआर्त म्हणाला, मला भीक नको. बाप बॉयलरकडे बघत म्हणाला, जिना निसरडा आहे, सांभाळून जा. त्यानंतर दुआर्तने पाकीट नेलं नाही. त्याला नेता आलं असतं. हट्ट धरता आला असता, नाहीतर दुसरीकडे राहता आलं असतं. त्याने केलं नाही, कारण ते बापाचं देणं आहे असं त्याला आतून वाटत होतं, आणि ते घ्यायला त्याला बरं वाटत होतं. याचीच त्याला सर्वांत जास्त लाज होती.

"ओदेत," तो म्हणाला, "मी शाळा का सोडली, तुला काय सांगितलंय?"

"डोकं चालत नव्हतं म्हणून. बाबाच सांगायचे."

"वायरमनच्या शाळेत मी वर्गात दुसरा होतो."

देओलिंदा म्हणाली, "दुआर्त, नको."

"हे घर घेतल्यावर हप्ता झेपेना. व्याज किती होतं तेव्हा. बाबा एका सोमवारी शाळेत आले, कागदावर सही केली आणि मला पडद्यांच्या गिरणीत घेऊन गेले. सतरा वर्षांचा होतो. तीन वर्षं पगाराचं पाकीट न उघडता त्यांच्या हातात दिलं. मग हे झालं." त्याने बोटांकडे पाहिलं. "मला गिरणीत घातलं तेव्हा तू कॉलेजात होतीस. तुला सांगितलं असतं तर तू कॉलेज सोडलं असतंस, असं माय म्हणाली. मग मी ढ आहे असं ठरलं. मीही म्हटलं, ठरू दे."

ओदेतला राग हवा होता, आणि तो हातातून निसटत होता. तिने तो पुन्हा धरला.

"हे मला कुणीतरी सांगायचं होतं. मी काय परकी होते? तुला फुकट ठेवलंय असं बाबा म्हणाले असते, कारण सांगितलं असतं, तर मी एक अक्षर बोलले नसते. मी माझं भाडं देत राहिले असते."

"तेच सांगता येत नव्हतं त्यांना," देओलिंदा म्हणाली. "भाड्याचं सांगायचं तर शाळेचं सांगावं लागणार. मी एकदा म्हटलं, ओदेतला सांगा. तर म्हणाले, पोराला गिरणीत घातलं हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगू. कर भरणं त्यांना सोपं वाटलं."

नळाजवळ उभा असलेला आर्मिंदो म्हणाला, "मला दुआर्तने सांगितलं होतं."

ओदेतने मान वळवली.

"कधी?"

"सहा-सात वर्षं झाली. तळघरात. भाड्याचं फक्त. शाळेचं नाही."

"आणि तू?"

"तुला किती लागेल ते मला माहीत होतं."

ओदेत उठली, फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं आणि जिना चढून वर गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं, असं आर्मिंदोला वाटलं.

तो थोड्या वेळाने वर गेला. ती बिछान्याच्या कडेवर बसली होती, बाहेर ब्रागा पुलावरून गाड्या स्वान्सीकडे जात होत्या.

"मी भाडं नेऊन द्यायचे तेव्हा तू बघत होतास," ती म्हणाली. "सात वर्षं. बाबांचं एक समजू शकते मी. ते बोलणारे नव्हतेच. तू तर माझ्याशी सगळं बोलतोस."

"चुकलं माझं."

"दर एक तारखेला तू विचारायचास, देऊन आलीस का. कसं विचारायचास?"

आर्मिंदो तिच्या शेजारी बसला नाही. दाराशीच उभा राहिला, बाहेरचा माणूस उभा राहतो तसा.

खाली दुआर्त बेल्मीरोला म्हणत होता, "मी आत्तापासून नऊशे देतो. मग तो मजला भाड्याचा होईल ना?"

"बाजारभावाने देशील तर होईल. आज तो नऊशे नाही, बाराशेच्या पुढे आहे."

"मग बाराशे."

"पुढच्या महिन्यापासून होईल. मागचं नाही होत रे, बाळा."

देओलिंदा दोघांचं ऐकत होती. ओनोरिओ गेल्यापासून तिला एकच वाटत होतं, की त्याने जसं ठेवलं तसं सगळं ठेवायचं, त्याच्या चपला, त्याचे पाइप, त्याचे आकडे. पण आज तिला त्याचा राग आला, आणि नवरा गेल्यावर आलेला तो पहिलाच राग होता. अठरा मार्च महिने तो या टेबलावर बसला, मुलीच्या हातात कागद दिले, बघ गं आकडे बरोबर आहेत का म्हणाला, आणि ती म्हणाली, बरोबर आहेत बाबा. देओलिंदा तेव्हा शेजारीच बसून कॉफी पीत होती.

ओदेत खाली आली ती कोट घालून. तिने फाइल उचलून बेल्मीरोपुढे सरकवली.

"एकच भाडं लिहा. मागची तीन वर्षंही दुरुस्त करा. कागद मी लावून देते." मग आईकडे पाहून म्हणाली, "सही तुझी लागेल. नवरा गेलेल्या बाईची सही चालते, दोघांच्या वतीने."

"तू सांगतेस म्हणून करते," देओलिंदा म्हणाली.

"मी सांगते म्हणून नको करू. खरं आहे म्हणून कर."

"त्यात मला फरक कळत नाही आता."

"मला कळतो." ओदेतने बटणं लावली. "आम्ही जूनमध्ये जागा सोडू."

दुआर्त उभा राहिला. "तू कशाला? मी जातो. तिसरा मजला भाड्याने द्या, दुसऱ्यावर तू भाडं न देता राहा. हक्क आहे तुझा."

"मला फुकट राहायचं नाही. मला कधीच फुकट नको होतं. आठ हजार उसने हवे होते." तिचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तुझ्यावर राग नाही, दुआर्त. खरंच नाही. पण रोज जिन्यात भेटता नाही येणार."

तिने भावाच्या दंडाला हात लावला आणि चालायला बाहेर गेली. टेबलावर पाव तसाच होता, कुणी एक तुकडा मोडला होता तेवढाच.

बेल्मीरोने पुढच्या आठवड्यात नवे कागद आणले. देओलिंदाने ओनोरिओच्या नावाखाली चार वेळा वॉशिंग्टनसाठी आणि चार वेळा बॉस्टनसाठी सही केली. काढलेलं भाडं मोठं होतं आणि काढलेला खर्च त्याहून लहान, म्हणून उन्हाळ्यात दोन्ही सरकारांकडून थोडे पैसे परत आले. चेकवर देओलिंदा आणि ओनोरिओ दोघांची नावं होती. देओलिंदाने ते ओदेतला द्यायला नेले. ओदेतने कॉफी केली, चेक पाहिले, आणि म्हणाली, "तुला बँकेत नेऊन सोडते, मला घ्यायचे नाहीत." रस्ताभर दोघी हवेबद्दल बोलल्या.

ओदेत आणि आर्मिंदोने समरसेटला एका परक्या माणसाची जागा भाड्याने घेतली होती. दोन खोल्या, खिडकीतून नदी. आर्मिंदो तिच्याबरोबर गेला होता. तिने त्याला ये म्हटलं नव्हतं आणि नको असंही म्हटलं नव्हतं. घर विकत घ्यायचं वय आता उरलं नव्हतं, निदान बँकेच्या दृष्टीने.

दुसरा मजला ऑगस्टमध्ये भाड्याने गेला. एक तरुण ब्राझिलियन जोडपं आलं, बाई पोटुशी. दुआर्तने त्यांना बॉयलर दाखवला, कचऱ्याचे दिवस सांगितले, आणि देओलिंदा किल्ली द्यायला धापा टाकत वर आली. खोल्या स्वच्छ पुसलेल्या होत्या. भिंतींवर चित्रांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीचे पडदे ओदेतने धुऊन, इस्त्री करून परत लावले होते.

"किती छान ठेवलंय," ती मुलगी म्हणाली. "आधी कोण राहायचं, सेन्योरा?"

"माझी मुलगी."

"गेली का? लांब?"

"नदीपलीकडे." देओलिंदाने किल्ली तिच्या हातात दिली, पण लगेच सोडली नाही. "एकोणतीस वर्षं राहिली इथे. एकोणतीस वर्षांत तिने एकही महिना चुकवला नाही. नवऱ्याला काम नव्हतं तेव्हासुद्धा नाही. बर्फ पडो, आजारी असो, एक तारखेला खाली यायची."

"मग तुम्हाला किती अभिमान असेल तिचा."

दुआर्त दारात थांबला होता. देओलिंदा त्याच्याकडे न बघता पडद्याची कड सरळ करत राहिली.

"हो," ती म्हणाली. "तिला सांगायचं राहिलं."

ती तरुणी काय बोलावं ते न कळून हसली आणि म्हणाली की त्या जवळच तर आहेत, भेटल्या की सांगा. देओलिंदाने मान हलवली. मग तिने दुआर्तचा हात धरला आणि कठड्याला टेकत, एकेक पायरी बघत, दोघं खाली उतरले.